सह्याद्रीच्या सातच्या बातम्या गोव्यात कुठवर पोहोचल्या?

म्हादयीतीर (डिचोली)

मुंबई दूरदर्शनच्या, म्हणजे आजच्या सह्याद्री वाहिनीच्या, मराठी बातम्यांचा इतिहास कुणी सांगायला घेतला की तो वरळीच्या मनोऱ्यापाशी सुरू होतो आणि फार तर सिंहगडावर येऊन थांबतो. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीनंतरचं ते देशातलं दुसरं केंद्र, मध्ये तब्बल तेरा वर्षं गेली होती. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने ते पुण्यात नेलं. डॉ. विश्वास मेहेंदळे हे पहिले मराठी वृत्तनिवेदक. नंतर अनंत भावे, प्रदीप भिडे, चारुशीला पटवर्धन यांचे चेहरे घराघरांत ओळखीचे झाले. सिनेमात जाण्याआधी स्मिता पाटील तिथे बातम्या वाचत. हे सगळं पुष्कळदा लिहून झालंय आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं.

पण सह्याद्रीच्या डोंगराखाली, गोव्यात, तेरेखोल नदीच्या अलीकडे, पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथल्या मराठी घरांनी त्याच बातम्या वर्षानुवर्षं ऐकल्या, आणि त्याबद्दल मला चार ओळीसुद्धा वाचायला मिळत नाहीत. गोव्यातल्या मराठी वृत्तपत्रांचा इतिहास निदान नोंदलेला आहे: १९६२ सालचा ‘गोमन्तक’, १९७० ची ‘नवप्रभा’, मग इतर आवृत्त्या. दूरचित्रवाणीच्या बाबतीत आपण कोरे आहोत. थेट वाचल्या जाणाऱ्या बातम्यांची ध्वनिचित्रं जपली जाणं तसंही दुर्मीळ. तेव्हा ज्यांनी त्या ऐकल्या त्यांच्याकडूनच हा इतिहास गोळा करावा लागेल, आणि ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेलीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यावर बोलता येईल. त्या बातमीपत्रात गोवा रोज येत होता, पण फक्त शेवटी, हवामानात. ‘कोकण आणि गोव्यात बहुतेक ठिकाणी पाऊस.’ हवामान खात्याने देशाचे जे उपविभाग पाडले आहेत त्यांत ‘कोकण आणि गोवा’ हा एकच उपविभाग आहे आणि त्याचा अंदाज मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून येतो. त्यामुळे गोव्याचं नाव चुकत नसे. हवामान सोडलं तर निवडणूक, सरकार कोसळणं आणि अपघात. माझे आजोबा सगळ्या बातम्या शांतपणे ऐकायचे आणि हवामानाला टीव्हीचा आवाज वाढवायचे. शेतकऱ्याला हवामान हवंच, तरी मला आता वाटतं की ‘आपलं’ म्हणून ऐकण्यासारखं त्या अर्ध्या तासात तेवढंच होतं.

तर पोहोच कशाला म्हणायची? चित्र आलं म्हणजे बातमीपत्र पोहोचलं, की आपण त्यात आलो म्हणजे? तुमच्या गावात काय होतं ते लिहा. तालुक्याचं नाव न विसरता.

फेरीबोट (पणजी)

चांगला विषय काढलात. मी आधी चित्र कसं आलं ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की मुंबईचा मनोरा उंच म्हणून गोव्यात दिसायचं. तसं नव्हतं.

दूरदर्शनच्या जुन्या प्रक्षेपणाच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीची गोलाई आडवी आली की संपतात. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटरचा. घरावरचा अँटेना १० मीटर उंचीवर धरला तर हिशेबाने ८०-८५ किलोमीटरपर्यंत चित्र धड दिसावं. पणजी मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. मधले डोंगर वेगळेच. म्हणजे मुंबईचा कार्यक्रम दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने आणून इथल्या प्रक्षेपकावरून पुन्हा सोडल्याशिवाय गोव्यात दिसणं अशक्य.

ते शक्य झालं ऐंशीच्या दशकात. १९८२ मध्ये उपग्रहावरून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला. गोव्यात टीव्ही खऱ्या अर्थाने घराघरांत गेला तो याच काळात. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर आकाशवाणी होतीच, दूरदर्शनही तिथेच आलं.

दुसरा टप्पा १९९४ चा. मुंबईची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली, तेव्हा तिला डीडी-१० म्हणत, पुढे तिचं सह्याद्री झालं. याचा अर्थ असा की आता प्रक्षेपकाची गरजच उरली नाही. केबलवाल्याने छत्री लावली की वाळपईतही मराठी बातम्या, तेही दिवसभर. तिसरा टप्पा डिसेंबर २००४ चा, दूरदर्शनची डीटीएच सेवा. आज तिला फ्री डिश म्हणतात. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचा आकार नाही. सत्तरीत, सांग्यात जिथे केबलची तार कधी गेलीच नाही तिथे ही छोटी छत्री गेली. २०२२ पर्यंत जुने अॅनालॉग प्रक्षेपक बहुतेक ठिकाणी बंद झाले आणि घरावरचा तो काठ्यांचा अँटेना कायमचा उतरला.

तेव्हा ‘चित्र पोहोचलं का’ या प्रश्नाला माझं उत्तर: १९९४ च्या आधी जिथे प्रक्षेपकाची नजर पोहोचली तिथे, नंतर जिथे केबल गेली तिथे, आणि छोटी छत्री आल्यावर सगळीकडे.

शेवंतीची वेणी (साखळी)

म्हादयीतीर, तुमचं हवामानाचं वाचलं आणि पटलं. पण त्या बातम्यांनी आम्हाला दिलं ते फार मोठं होतं, ते आधी लिहिते.

मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवायचे. मुलांच्या घरी कोकणी, शाळेत मराठी. पुस्तकातली मराठी त्यांना वाचता यायची, पण ती कुणी रोज बोलताना ऐकलेली नसायची. कीर्तनात, नाटकात ऐकायची ती मराठी वेगळी, तिला सूर असतो. साध्या गद्यात, न ओरडता, न रडता, एक माणूस अर्धा तास मराठी वाचतो आहे आणि प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो आहे, हे आमच्या मुलांना त्या बातम्यांनी दिलं. मी त्यांना संध्याकाळच्या ठळक बातम्या ऐकून लिहून आणायला सांगायचे. शुद्धलेखन तपासायचं, त्यावर चार प्रश्न विचारायचे. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ती मुलं शेजारी जाऊन बसायची आणि शेजारणी त्यांना मुद्दाम पुढे बसवायच्या.

प्रदीप भिडे यांचा आवाज मला आजही ऐकू येतो. जून २०२२ मध्ये ते गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. त्यांतला एक आज न्यायालयात दुभाष्याचं काम करतो. तो म्हणाला, बाई, वाक्याच्या शेवटी आवाज कुठे टेकवायचा ते मी त्यांच्याकडून शिकलो. पुढच्या जानेवारीत मेहेंदळेही गेले. ही पिढीच गेली.

या माणसांना साखळी कुठे आहे हे ठाऊक असेल नसेल, पण त्यांनी इथल्या मुलांच्या तोंडात भाषा घातली. पोहोच मोजताना हे सोडू नका.

खाजन (मडगाव)

मी कोकणीवादी आहे, हे आधीच सांगतो. इथे मतभेद मांडायला संकोच वाटत नाही म्हणून लिहितो.

गोव्याची बातमी मुंबईच्या मराठी बातमीपत्रात यावी ही अपेक्षाच मला कळत नाही. ते बातमीपत्र महाराष्ट्रासाठी होतं. गोव्याला स्वतःचं केंद्र मिळालं, कोकणी बातम्या सुरू झाल्या, आणि मार्च २०१९ मध्ये फ्री डिशवर डीडी गोवा अशी वेगळी वाहिनी आली. गोव्याच्या बातमीचं घर ते. १९६७ च्या जनमत कौलात आपण महाराष्ट्रात न जाण्याचं ठरवलं, १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, त्याच वर्षी ३० मे रोजी राज्य मिळालं. या सगळ्यानंतर मुंबईने आपल्याकडे बघितलं नाही याची खंत कशासाठी?

आणि प्रसारणाचा गोव्याचा स्वतःचा वारसा छोटा नाही. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेवरच्या रानातून गुप्त रेडिओ चालवला, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून. मुक्तीची बातमी गोव्याला कुणाच्या तोंडून ऐकावी लागली नाही, ती गोव्याने स्वतः सांगितली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, फार उशिरा.

म्हादयीतीर (डिचोली)

खाजनबाब, त्या रेडिओबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्याचा अभिमान मलाही तेवढाच आहे.

तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो. मला मुंबईकडून मान्यता नको आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ११ टक्के आहेत, दीड लाखाहून थोडे जास्त. घरात कोकणी बोलून मराठी पेपर वाचणारे त्याहून कितीतरी अधिक, हे तुम्हीही मान्य कराल. राजभाषा कायद्यातही मराठीच्या शासकीय वापराची तरतूद आहे. आकाशवाणी पणजीने कोकणी आणि मराठी अशा दोन्ही बातम्या चालवल्या आणि त्यावरून कुणाचं काही बिघडलं नाही. माझं म्हणणं एवढंच की टीव्हीवर मराठी ऐकणारा गोवेकर दोन्हीकडून सुटला. मुंबईच्या बातमीत भाषा त्याची, गाव दुसऱ्याचं. पणजीच्या बातमीत गाव त्याचं, पण ज्या भाषेत तो बातमी वाचायला शिकला ती नाही. मधली जागा कुणी भरली, आणि कधी, हे मला शोधायचं आहे.

खांद्यावर कॅमेरा (फोंडा)

ती मधली जागा काही वर्षं आम्ही भरली, म्हणून लिहितो.

१९९९ नंतर खाजगी मराठी वाहिन्या आल्या. २००० मध्ये ईटीव्ही मराठी आली, तिने जिल्ह्याजिल्ह्यांत स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारे वार्ताहर, नेमले आणि मराठी टीव्हीची बातमी पहिल्यांदा मुंबई-पुण्याच्या बाहेर राहायला गेली. मग २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. या लाटेत गोव्यातही आमच्यासारख्यांना काम मिळालं. मी एका वाहिनीसाठी स्ट्रिंगर होतो, नाव सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच होतं.

काम असं चालायचं. मिनी डीव्ही टेपवर शूट करायचं, बाईट (लोकांचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) घ्यायचे, वहीत स्क्रिप्ट लिहायची. सुरुवातीला इंटरनेटवरून चित्र पाठवण्याची सोय नव्हती. टेप पाकिटात घालून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, कोल्हापूरच्या गाडीत कंडक्टरच्या हातात द्यायची, तिकडे ब्युरोचा मुलगा स्टँडवर उभा. म्हणजे आज सकाळी सांग्यात घडलेलं उद्या दुपारी दिसणार, तेही तोवर महाराष्ट्रात काही मोठं घडलं नाही तर. पैसे बातमीला मिळायचे, आणि तेही ती लागली तर. त्यामुळे काय लागेल याचा अंदाज घेऊनच आम्ही पेट्रोल जाळायचो. काय लागायचं? पर्यटक बुडाला, रेव्ह पार्टीवर छापा, कार्निव्हल, इफ्फी चित्रपट महोत्सव, मुख्यमंत्री बदलला. अंगणवाडी सेविकांचा मोर्चा लागत नसे. तिसऱ्यांदा फोन केल्यावर डेस्कवरचा माणूस कंटाळायचा, आणि त्याचंही खरं होतं, त्याच्यासमोर महाराष्ट्राचे सगळे जिल्हे रांगेत असायचे.

सगळ्यात जास्त टोचलं ते खाणबंदीच्या वेळी. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यावर काम पुन्हा ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे दारोदार ट्रक उभे, बँकेचे हप्ते चालू, गॅरेजं बंद, सोसायटीत उधारी. मराठीभाषक पट्टा बहुतेक हाच. आम्ही चित्र काढून आणलं की विचारणा व्हायची: आज नवीन काय? नवीन काहीच नव्हतं, रोज तेच होतं, हीच तर बातमी होती. निकालाच्या दिवशी फोनो झाला, म्हणजे फोनवरून बातमी दिली, दोन दिवस पडद्याखालची पट्टी चालली, मग संपलं. ती बातमी रोजच्या रोज धरून ठेवली स्थानिक केबल वाहिन्यांनी. प्रुडंट, गोवा ३६५ आणि तशा इतरांनी. त्यांची मुख्य बातमी कोकणीत, पण ट्रकवाला मराठीत बोलला तर त्याचा बाईट मराठीतच लागायचा, कुणी त्याला भाषा बदलायला लावली नाही. खाजनबाब, तुमच्या बाजूचा हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो.

मुंबईच्या सगळ्या ओबी व्हॅन, थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, एकदम गोव्यात उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या त्या १७ मार्च २०१९ नंतर, मनोहर पर्रीकर गेले तेव्हा. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर उभं राहायला जागा नव्हती. त्या दिवशी मराठी टीव्हीवर गोव्याखेरीज दुसरं काही नव्हतं. प्रेमाने, आदराने केलेलं काम होतं ते. व्हॅन परत गेल्या आणि खाण अवलंबितांचं आंदोलन तिथेच चालू राहिलं.

तिलारीकाठ (दोडामार्ग)

मी सीमेच्या या बाजूचा, सिंधुदुर्गातला. आमची गोष्ट तुमच्या उलटी आहे, पण दुखणं तेच.

आम्ही महाराष्ट्रात, तरी मुंबईच्या बातम्यांत आम्हीही नव्हतो. दोडामार्गात हत्ती उतरले तेव्हा बागायती झोपल्या, पण कॅमेरा आला तो फार नंतर. आमच्या घरी आजही गोव्याच्या वाहिन्या लागतात. कारण सोपं आहे: आमचा आजारी माणूस गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातो, मुलगा म्हापशाला नाहीतर पर्वरीला कामाला, बाजार डिचोलीचा. बांबोळीत सिंधुदुर्गाच्या पेशंटांसाठी काय नियम आहे ही आमची जिल्ह्याची पहिल्या क्रमांकाची बातमी, आणि ती मुंबईत कुणाला बातमी वाटणार नाही.

तिलारीचंच बघा. धरण आमच्याकडे, पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा, जवळपास तीन चतुर्थांश. कालवा फुटला की चित्र आमच्या गावातलं: वाहून गेलेली शेती, चिखल. पण त्याच वेळी अस्नोडा आणि चांदेल इथल्या जलशुद्धीकरण प्रकल्पांत पाणी कमी होतं आणि बार्देश-पेडण्यात नळ कोरडे पडतात. ही एकच बातमी आहे. महाराष्ट्राच्या वाहिनीवर तिचा पहिला अर्धा भाग लागतो, गोव्याच्या वाहिनीवर दुसरा. दोन्ही मिळून मी कधी एका बातमीपत्रात पाहिली नाही. म्हादयी नदीच्या पाणीतंट्याचं तसंच. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने निवाडा दिला, त्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी पाणी दिलं. महाराष्ट्राच्या वाट्याचं ते १.३३ कुठल्या गावांसाठी आहे हे आमच्याकडेही कुणाला बातम्यांतून कळलं नाही.

अंकगणित (पर्वरी)

मी जाहिरातींच्या हिशेबाच्या कामात होतो, त्यातलं एक सांगतो. मोजणीचं.

प्रेक्षकसंख्या मोजणारी जी यंत्रणा आहे, आधी टॅम, २०१५ पासून बार्क, तिच्या तक्त्यात ‘महाराष्ट्र/गोवा’ ही एकच बाजारपेठ असते. काही घरांत मीटर बसवलेले असतात आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतात. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर, गोव्याची पंधरा लाखांच्या आत, दोन्ही २०११ ची. शंभरात जेमतेम सव्वा माणूस गोव्याचा. मुंबईतल्या संपादकाच्या पुढ्यात दर गुरुवारी जो आकडा येई त्यात डिचोलीने टीव्ही बंद केला काय, चालू ठेवला काय, फरक दिसतच नसे. त्यात २०१५ च्या आधी खेडी मोजलीच जात नव्हती.

म्हणून फोंड्याच्या भाईंना डेस्कवरून जे उत्तर मिळायचं त्याचं मूळ या तक्त्यात आहे. सह्याद्री सरकारी, तिला गुरुवारची तेवढी भीती नव्हती. म्हणूनच मला वाटतं की गोव्यासाठी पाच मिनिटं राखून ठेवणं तिलाच शक्य होतं. खाजगी वाहिनीकडून ती अपेक्षा धरू नये.

खाजन (मडगाव)

हे वाचून माझा एक मुद्दा मी थोडा पुढे नेतो. पाच मिनिटं मुंबईकडे मागण्यापेक्षा डीडी गोवाकडे मागा. मराठीत रोजचं छोटं बातमीपत्र, पेडणे ते सांगे. आकाशवाणीवर जे चालतं ते टीव्हीवर का चालू नये? कोकणीचं त्यात काही कमी होत नाही. अशा मागणीला माझी सही आहे, आणि माझ्या ओळखीच्या चार कोकणी लेखकांचीही मी आणेन.

करमलच्या पलीकडे (काणकोण)

सगळे उत्तरेकडचे बोलताहेत म्हणून काणकोणची नोंद देतो. करमल घाट ओलांडला की पणजीकडून येणारं चित्र आमच्या वाड्यावर मुंग्यामुंग्यांचं व्हायचं. वडील अँटेना फिरवत बसायचे. दक्षिणेकडे फिरवला की कन्नड यायचं, तेच पुष्कळदा जास्त स्वच्छ. मराठी बातम्या आम्ही पाहण्यापेक्षा ऐकल्या, चित्र नाही पण आवाज शाबूत, असं. केबल आल्यावर पहिल्यांदा वृत्तनिवेदकांचे चेहरे नीट दिसले आणि आईला वाटलं त्यापेक्षा ते बरेच तरुण निघाले.

आमच्याकडे मराठी वाचणारी घरं थोडी, बहुतेक देवळांच्या आसपासची. पण होती. यादीत काणकोण रिकामं ठेवू नका.

म्हादयीतीर (डिचोली)

ठेवणार नाही. शेवंतीताई, तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाकडे त्या ठळक बातम्यांच्या वह्या राहिल्या असतील तर कृपया विचारा. तारखेसकट लिहिलेली एक वही मिळाली तरी त्या दिवशी गोव्यात काय दिसलं याचा पुरावा हातात येईल, आणि तो दुसरीकडे कुठेच नाही.

फोंड्याच्या भाई, तुमच्या मिनी डीव्ही टेपा अजून असतील तर त्या दमट कपाटातून आधी बाहेर काढा. गोव्याच्या हवेत टेपेला बुरशी लवकर धरते. खाणबंदीच्या काळातलं चित्रण असेल तर ते संगणकावर उतरवून घेण्याचा खर्च आम्ही इथले काहीजण वाटून घेऊ, मी आजच दोघांशी बोललो आहे.

खाजनबाब, डीडी गोवाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा तुम्ही कोकणीत करा, मी मराठीत करतो, दोन्ही एकत्रच देऊ. तिलारीकाठ, तुमच्या तालुक्यालाही त्यात धरतो, राज्य वेगळं असलं तरी.

बाकीच्यांनी तीन गोष्टी लिहाव्यात: गावात टीव्ही कधी आला, केबल कधी आली आणि मराठी बातम्या कुठल्या वाहिनीवर लागायच्या. धारबांदोडा आणि केपे इथून अजून कुणीच लिहिलेलं नाही.